मतभेद नेमका कुठे आहे? – बाबासाहेबांच्या जीवनातून एक धडा



अमेरिकेत वाढलेली आपली बरीच मुले-मुली आता वकिलीच्या शिक्षणाकडे वळत आहेत. लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी एलसॅट नावाची परीक्षा असते. तिच्या तर्कविभागात एका ठरावीक प्रकारचा प्रश्न येतो. दोन माणसांची दोन लहान विधाने दिलेली असतात आणि विचारलेले असते की हे दोघे नेमके कोणत्या मुद्द्यावर असहमत आहेत. पाच पर्यायांतून एक निवडायचा. वाचायला सोपे वाटते, पण हुशार मुलेही इथे चुकतात. कारण दोघे भांडत आहेत एवढे आपल्याला लगेच कळते, पण कशावरून भांडत आहेत हे शोधण्याची आपल्याला सवय नसते.

आपल्याच विहारातले उदाहरण घ्या. एक ताई म्हणतात की रविवारच्या कार्यक्रमात मुले कंटाळतात, म्हणून प्रवचन इंग्रजीत व्हावे. एक दादा उत्तर देतात की मराठी गेली तर आपली मुले आजी-आजोबांपासून तुटतील, घरी मराठीच बोलली पाहिजे. आवाज चढतो, दोन गट पडतात. पण नीट पाहा. दादा प्रवचनाच्या भाषेबद्दल काहीच बोललेले नाहीत, आणि ताईंनी घरच्या मराठीला विरोध केलेला नाही. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी मान्य करता येते. मग भांडण कशाचे झाले?

या प्रश्नाला दोन कसोट्या लावायच्या असतात. पहिली : त्या मुद्द्यावर दोघांनीही मत दिले आहे का? दुसरी : त्याच मुद्द्यावर एकाचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही असे आहे का? दोन्ही कसोट्या जिथे उतरतात तिथेच खरा मतभेद असतो. बाकी सगळा गोंगाट.

ही शिस्त धम्माला परकी नाही. भगवान बुद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले : सरळ उत्तर देण्याचे, विभागून उत्तर देण्याचे, उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याचे आणि बाजूला ठेवण्याचे. अभिधम्म पिटकातील कथावत्थु हा ग्रंथ तर संपूर्णपणे मतभेदांचाच आहे. परंपरेनुसार पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीच्या वेळी मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी तो रचला. त्यात दोनशेहून अधिक वादविषय आहेत, आणि प्रत्येक वेळी समोरचा नेमके काय मानतो हे त्याच्याकडून आधी निश्चित करून घेतले जाते.

आपल्या काळात ही शिस्त सर्वांत कसोशीने पाळणारे पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे चरित्र आपण जन्मतारखेपासून महापरिनिर्वाणापर्यंत अनेकदा ऐकले आहे. आज तेच चरित्र एका वेगळ्या धाग्याने पाहू : बाबासाहेबांचा ज्यांच्याशी वाद झाला, त्यांच्याशी तो नेमका कशावर होता?

कोलंबियातील विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली आणि जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले.

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते, आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या वर्गातही ते बसत. ज्या शहरात आज आपल्यापैकी कित्येकजण रोज सबवेने कामाला जातात, त्याच शहरात ते पुस्तकालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे काय, याबद्दल तोवर चार विद्वानांची मते प्रसिद्ध होती : सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांनी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकताना जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहिले होते आणि १९०९ साली ते पुस्तक इथेच प्रसिद्ध झाले होते. पुढे महाराष्ट्राने त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखले.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा वाद कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. केतकरांचे मोठेपण त्यांनी आधी मान्य केले. इतरांनी एकेक जात सुटी करून पाहिली होती, केतकरांनी जातीला जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात पाहिले, हे बरोबर केले असे त्यांनी सांगितले. म्हणजे कुठे सहमत आहोत ते आधी. मग असहमतीचा मुद्दा : केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती, एक म्हणजे सभासदत्व जन्माने मिळणे आणि दुसरे म्हणजे बाहेर लग्न करण्यास बंदी. भीमरावांनी दाखवले की ही दोन लक्षणे नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की जन्माशिवाय आत येण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. त्यांनी केतकरांना खोटे ठरवले नाही. लक्षणे दोन की एक, एवढाच त्यांचा मतभेद होता. पण त्या एवढ्याशा मुद्द्यातून सगळे पुढचे निघाले : जातीचे मूळ लग्नबंदीत आहे, म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे जात टिकवण्याचे उपाय आहेत. स्त्रीचे बंधन आणि जातीचे बंधन एकाच गाठीचे आहे, हे आपल्याला त्या दिवसापासून माहीत आहे. पुढच्या वर्षी तो निबंध इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला.

गुरूंशीही मतभेद

१९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला.

त्यात त्यांनी जॉन मेनार्ड केन्स यांच्या १९१३ सालच्या पुस्तकातील मताला आव्हान दिले. केन्स सुवर्णविनिमय पद्धतीचे समर्थक होते : देशात सोन्याची नाणी खेळवण्याची गरज नाही, सरकारने रुपयाचा विनिमयदर सांभाळला की पुरे, त्यात काटकसर आहे. ही पद्धत काटकसरीची आहे की नाही, हा बाबासाहेबांच्या दृष्टीने मुख्य प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न सुरक्षिततेचा होता. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले तर रुपयाची खरेदीशक्ती सुरक्षित राहील का? केन्स यांचा चलन सांभाळणाऱ्यांवर विश्वास होता, बाबासाहेबांचा नव्हता. महागाईत पगारदार आणि मजूर भरडले जातात, म्हणून चलन काढणाऱ्याच्या हाताला नियमाची बेडी हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

या पुस्तकाला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. शिष्याचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटलेले नाहीत, हे गुरूंनी त्याच प्रस्तावनेत नोंदवले आहे, आणि त्याच्या ताज्या विचारांचे कौतुकही केले आहे. शिष्याने ती प्रस्तावना तशीच छापली. मतभेद म्हणजे अपमान नव्हे, हे त्या दोघांनाही माहीत होते.

चवदार तळ्याचा दावा

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सर्व काही होते, प्रत्यक्षात लाठ्या पडल्या. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या सुमारास काही सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावरचा सत्याग्रह कोर्टाच्या निकालापर्यंत थांबवण्यात आला.

पुढे दहा वर्षे हा दावा चालला. आपल्या मनात प्रश्न एकच असतो : माणसाला पाणी नाकारणे न्याय्य आहे का? पण कोर्टातला वादमुद्दा तो नव्हता. वादींचे म्हणणे होते की तळे खासगी आहे, आणि ते नसले तरी अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. म्हणून कोर्टापुढे प्रश्न दोन होते. तळे कोणाचे? आणि अशी रूढी स्मरणापलीकडच्या काळापासून असल्याचे सिद्ध होते का?

बाबासाहेब बॅरिस्टर होते. हृदयातला प्रश्न आणि दाव्यातला प्रश्न यांतला फरक ते जाणत होते. १९३१ साली खालच्या कोर्टाने दावा फेटाळला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तळे नगरपालिकेचे होते आणि अनादी रूढी सिद्ध झाली नव्हती. शेकडो वर्षांचा अन्याय पुराव्याच्या एका नेमक्या मुद्द्यावर हरला. सभेतले भाषण कितीही ज्वलंत असले तरी त्याने हा दावा जिंकता आला नसता. सत्याग्रहाशिवाय मात्र दावा उभाच राहिला नसता, हेही तितकेच खरे.

पुणे कराराचा खरा मुद्दा

बाबासाहेब आणि गांधीजी यांच्या वादाबद्दल आपल्याला इथे सहकारी नेहमी विचारतात : दोघांनाही अस्पृश्यता नको होती ना, मग भांडण कशाचे? प्रश्न प्रामाणिक असतो, आणि आपण रागावून उत्तर दिले तर संधी वाया जाते.

अस्पृश्यता जावी की राहावी, हा त्यांच्यातला वाद नव्हता. त्यावर दोघांचे उत्तर एकच होते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात दोघांची पहिली भेट झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत दोघे समोरासमोर आले. तिथे खरा मुद्दा उघडा पडला : अस्पृश्य हा हिंदू समाजापासून राजकीयदृष्ट्या वेगळा गट आहे का, आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आहे? मुसलमान आणि शीख यांच्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य करणारे गांधीजी अस्पृश्यांच्या बाबतीत नाही म्हणाले. बाबासाहेब हो म्हणाले. दोन्ही कसोट्या इथे उतरतात.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मत मिळाले होते. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण सुरू केले. त्या चार दिवसांत बाबासाहेबांवर किती दडपण होते याची कल्पना करा. एका माणसाचे प्राण एका पारड्यात, आणि त्या माणसाला काही झाले तर खेड्यापाड्यांत विखुरलेल्या आपल्या माणसांवर काय ओढवेल याची भीती दुसऱ्या पारड्यात.

तशा स्थितीतही त्यांनी वाटाघाटीत मुद्दा हरवू दिला नाही. जागा राखीव असाव्यात, यावर आता सहमती झाली होती. मग जागा किती? प्राथमिक निवडणूक कोणी करायची? ती व्यवस्था किती वर्षे? सार्वमत केव्हा? एकेक मुद्दा वेगळा काढून त्यांनी त्यावर घासाघीस केली. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघ आले, जागा ७१ वरून १४८ झाल्या. प्राथमिक निवडणुकीत फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची निवड करायची, ही तरतूद दहा वर्षांसाठी राहिली. ज्या मुद्द्यावर त्यांना माघार घ्यावी लागली तो त्यांनी कधी विसरला नाही. आमचा प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडून येतो, हा प्रश्न त्यांनी पुढेही पुन्हा पुन्हा मांडला. जागांचा आकडा मोठा दिसला म्हणून मूळ प्रश्न सुटला असे त्यांनी मानले नाही.

लाहोरचे न झालेले भाषण

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. जात मोडावी यावर दोघांचे एकमत होते. मंडळाला सहभोजने आणि आंतरजातीय विवाह हवे होते, बाबासाहेबांनाही विवाहाचा उपाय पटत होता. तरी भाषण छापून तयार झाल्यावर मंडळाने काही भाग गाळावा असा आग्रह धरला. एक शब्दही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी कळवले, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तक म्हणून काढले. तेच जातिनिर्मूलनावरचे पुस्तक.

मतभेदाचा मुद्दा कोणता होता? लोक जात पाळतात ते वाईट आहेत म्हणून की त्यांचा धर्म त्यांना तसे शिकवतो म्हणून? जर शास्त्रांवरच्या श्रद्धेतून जात येत असेल तर शास्त्रांच्या प्रामाण्याला हात न लावता जात जाणार नाही. मंडळ इथपर्यंत यायला तयार नव्हते.

गांधीजींनी आपल्या हरिजन साप्ताहिकात या पुस्तकावर लिहिले आणि बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते लेख व आपले उत्तर असे दोन्ही छापले. विरोधकाचे पूर्ण म्हणणे आपल्याच पुस्तकात छापणे, ही किती मोठी गोष्ट आहे! गांधीजींचे म्हणणे असे की जातीचा धर्माशी संबंध नाही, वर्ण ही निराळी गोष्ट आहे, आणि धर्माची पारख त्याच्या संतांवरून करावी. बाबासाहेबांनी उत्तरात मुद्दा धरला : शास्त्रांचा खरा अर्थ पंडितांच्या मते काय आहे हा प्रश्नच नाही, सामान्य माणूस तो काय समजतो आणि त्याप्रमाणे कसा वागतो हा प्रश्न आहे. संत चांगले होते, हे मान्य. पण देवासमोर सर्व समान म्हणणे आणि माणसामाणसांत सर्व समान म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाव की माणूस

संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मांडताना एक टीका त्यांच्यासमोर होती की यात प्राचीन ग्रामव्यवस्थेला स्थान नाही. बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले ते सर्वांना आठवतात. पण त्याच महिन्यात ग्रामपंचायतींबाबतची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली आणि ती संविधानात कलम ४० म्हणून आली. यात विसंगती नाही. पंचायती असाव्यात की नसाव्यात हा त्यांचा वादच नव्हता. राज्याचा मूळ घटक गाव की व्यक्ती, हा वाद होता, आणि तिथे त्यांनी व्यक्ती हेच उत्तर कायम ठेवले. जे सोडता येते ते सोडले, जे सोडता येत नाही ते धरले. कोणता मुद्दा कोणता, हे ओळखता येणाऱ्यालाच असे करता येते.

बुद्ध आणि मार्क्स

जून १९५२ मध्ये बाबासाहेब पुन्हा न्यूयॉर्कला आले. ५ जूनला कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्याआधी चारच दिवस, १ जूनला, त्यांचे आवडते गुरू ड्युई यांचे त्याच शहरात निधन झाले होते. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. महिन्याभरानंतर, प्रकृती ढासळलेली असताना, ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. बौद्ध प्रतिनिधींपुढे मार्क्सची निंदा करणे सोपे होते. त्यांनी आधी समान काय ते सांगितले : जगात दुःख आहे, शोषण आहे आणि ते दूर झाले पाहिजे. ध्येय एक. मतभेद साधनांचा. हिंसा आणि हुकूमशाही हा एक मार्ग, माणसाचे मन बदलून त्याने स्वेच्छेने नीतीने वागावे हा दुसरा. आपण दुसरा मार्ग का निवडतो, हे तरुणांना सांगता आले पाहिजे, कारण त्यांचा राग खरा आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढच्या वर्षी भगवान बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच एक मतभेद आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गावर काम केलेले धर्मानंद कोसंबी यांनीही त्याआधी गृहत्यागाचा संबंध शाक्य-कोलीय संघर्षाशी जोडला होता.

ग्रंथातला तो प्रसंग पुन्हा वाचा. शाक्यसंघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. शाक्यांवर अन्याय झालाच नाही असे सिद्धार्थ म्हणत नाही. आपल्याही बाजूची चूक तपासावी, असे तो सुचवतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. म्हणजे तंटा आहे, हे मान्य. तो युद्धाने मिटेल का, यावर त्याचे उत्तर नाही. मतदान झाले, सिद्धार्थ हरला. बहुमताने त्याला चूक ठरवले, आणि आपला मुद्दा न सोडता, कुटुंबावर बहिष्कार ओढवू न देता, त्याने परिव्रज्या पत्करली. तो प्रसंग लिहिताना बाबासाहेबांच्या मनात स्वतःच्या किती सभा असतील!

आपल्यापुढचा वाद

हे सारे आपल्याला इथे, अमेरिकेत, रोज लागणार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा उल्लेख केला, असे करणारे ते या देशातील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सिनेटर आयशा वहाब यांचे एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. आपल्यातील कित्येकांना त्या दिवशी वाटले की गव्हर्नरांनी जातिभेदाला परवानगी दिली. त्यांचे लेखी कारण वेगळे होते. जातिभेद सध्याच्या कायद्यानेच निषिद्ध आहे, म्हणून नवीन कायदा अनावश्यक, असे त्यांनी लिहिले.

कसोट्या लावा. जातिभेद बेकायदा असावा का? आपण हो म्हणतो, गव्हर्नरही हो म्हणतात. मतभेद तिथे नाही. सध्याचा कायदा जातीला पुरेसा लागू होतो का, आणि नाव घेतल्याशिवाय पीडित माणूस दाद मागू शकतो का? मतभेद इथे आहे. मग आपले पुढचे काम काय, तेही इथूनच ठरते. जो म्हणतो की सध्याचा कायदा पुरेसा आहे, त्याला तो पुरेसा पडतो की नाही हे दाखवणारी प्रकरणे, कागद आणि साक्षी समोर ठेवाव्या लागतील. महाडला दहा वर्षे तेच करावे लागले होते. आणि जो म्हणतो की जातीचे नाव घेतल्याने एका समाजाची बदनामी होते, त्याचा मुद्दा निराळा आहे. त्याला निराळे उत्तर द्यावे लागेल. दोघांना एकच घोषणा ऐकवून चालणार नाही.

येत्या रविवारी विहारात भाषेवरून, वर्गणीवरून किंवा कार्यक्रमाच्या तारखेवरून वाद झालाच, तर एक प्रयोग करून पाहू. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगू आणि विचारू, बरोबर समजलो ना? मग कुठे सहमत ते सांगू. उरलेला मुद्दा बहुधा वाटला त्यापेक्षा लहान निघेल. कधी कधी तो फार मोठा निघेल. तेव्हा मात्र बाबासाहेबांसारखे त्याच्यापाशी ठाम उभे राहू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!